मागचे पाय गेले, म्हणजे नेमकं काय गेलं?

1. रोज विचारला जाणारा प्रश्न

"काल रात्रीपर्यंत चांगला हिंडत होता. सकाळी पाहतो तर मागून उठेचना. लकवा मारला का हो याला?"

कुत्रा पाळणारा माणूस पशुवैद्यकाकडे येतो तेव्हा बरेचदा हाच प्रश्न घेऊन येतो. वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं धनज घ्या. शिवारात सोयाबीन, तूर, कापूस. रात्री पिकात रानडुकरं आणि रोही घुसतात, म्हणून शेतावर राखणीला गावठी कुत्रा असतो. गावातल्या एखाद्या घरी पांढरा पामेरियन, तर हौसेने आणलेला जर्मन शेफर्ड दुसऱ्या घरच्या ओसरीवर. समजा, एकाच आठवड्यात या तिघांचेही मागचे पाय अधू झाले. लांबून पाहणाऱ्याला तिघं सारखेच दिसतील. पण राखणीच्या कुत्र्याच्या पाठीला डुकराने धडक दिलेली असेल, पामेरियनच्या गुडघ्याची वाटी सरकलेली असेल आणि शेफर्डचा मज्जारज्जू आतून झिजत चाललेला असेल. पहिल्याला हलवताना जपावं लागेल, दुसऱ्याला कदाचित शस्त्रक्रिया लागेल आणि तिसऱ्याला रोजचा व्यायाम. तिघांनाही 'ताकदीचं इंजेक्शन' देऊन घरी धाडलं, तर तिघांचंही नुकसान होईल.

मागच्या पायांच्या दुखण्यात औषधाआधी जागा शोधावी लागते. बिघाड कुठं आहे हे कळलं की तो कशाने झाला याची यादी एकदम आखूड होते. जागा शोधण्याचं बरंचसं काम डोळे, हात आणि खिशातला मोबाइल एवढ्यावर होतं. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या यंत्रांवाचून अडत नाही.

2. हात लावण्याआधी: रेबीज

दुसरं काहीही सांगण्याआधी हे सांगितलंच पाहिजे. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की अंगावर धावून येणारा, दिसेल त्याला चावत सुटणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. रेबीजचा दुसरा एक प्रकार आहे, तो मुका असतो. त्यात कुत्रा चावत सुटत नाही. तो कोपऱ्यात पडून राहतो, भुंकणं घोगरं होतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते आणि पाय लुळे पडतात. पुष्कळदा सुरुवात मागच्या पायांपासून होते. घशात हाड अडकलंय असं वाटून घरातला माणूस तोंडात हात घालतो आणि तिथेच घात होतो.

म्हणून लस न दिलेला किंवा लशीची नोंद नसलेला, गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या जनावराने चावलेला, वागणं एकाएकी बदललेला, गिळता न येणारा कुत्रा मागून लुळा पडला असेल, तर त्याला बांधलेलाच ठेवा, मुलांना दूर करा आणि डॉक्टरांना फोनवरच ही शंका सांगा. अशी लक्षणं सुरू झालेला रेबीजचा कुत्रा सहसा दहा दिवसांच्या आत मरतो, आणि पक्कं निदान मेल्यानंतर मेंदूच्या तपासणीवरच होतं. त्याची लाळ आपल्या जखमेला, ओरखड्याला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल, तर ती जागा लगेच धुवा. जखम असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुत्र्याचं काय होतं ते बघू आणि मग लस घेऊ, असं करू नका.

ही शंका फिटली की पुढचं सगळं शांत डोक्याने करता येतं.

3. शेतातली मोटर चालत नाही तेव्हा

विहिरीवरचं पाणी बंद झालं की शेतकरी लगेच मोटर उपसून काढत नाही. डीपीवर लाइन आहे का ते पाहतो. मग खांबावरून आलेली तार, मग स्टार्टर, स्टार्टरपासून मोटरीपर्यंतची केबल, मग मोटर. कधी मोटर धडधडत असते आणि पाइप निसटलेला असतो. कधी सगळं जागच्या जागी असतं, फक्त व्होल्टेज नसतं.

कुत्र्याचा मागचा पाय हलण्यामागे हीच साखळी आहे. हुकूम मेंदूतून निघतो आणि पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूने खाली येतो. कुत्र्याच्या मानेत 7 मणके, छातीच्या भागात 13, कमरेत 7 आणि त्यामागे जुळलेले 3. मागच्या पायांचा स्टार्टर, म्हणजे त्या पायांना थेट चालवणारं मज्जारज्जूतलं केंद्र, कमरेच्या मणक्यांत असतं. तिथून निघालेल्या नसा ही केबल, मांडीचे स्नायू ही मोटर आणि हाडं-सांधे हा पाइप. रक्त, ऑक्सिजन, साखर, कॅल्शियम यांचा पुरवठा म्हणजे व्होल्टेज.

तार स्टार्टरच्या आधी तुटली, म्हणजे छातीच्या शेवटच्या किंवा कमरेच्या पहिल्या मणक्यांपाशी मज्जारज्जू दबला, तर मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही. पण स्टार्टर शाबूत असतो. म्हणून पाय लुळे न पडता ताठर होतात, आणि गुडघ्याखाली हातोडी मारली की तंगडी जोरात उडते. स्टार्टर किंवा केबलच जळाली, तर पाय चिंधीसारखा ढिला पडतो, हातोडी मारून काही हलत नाही आणि एक-दोन आठवड्यांत मांडी वाळायला लागते. पाइप निखळला असेल, म्हणजे दुखणं सांध्यात असेल, तर नसांच्या सगळ्या चाचण्या ठीक येतात. कुत्रा फक्त दुखतंय म्हणून पाय टाकत नाही. आणि व्होल्टेज कमी असेल तर तो चारही पायांनी मलूल होतो, पण धड मागून जास्त लडबडतं, म्हणून आपलं लक्ष मागच्या पायांकडेच जातं.

पशुवैद्यकाच्या हातातली छोटी रबरी हातोडी याचसाठी असते. ती न वापरता, कुत्र्याला टेबलावरून खाली उतरवून चालायला न लावता कुणी निदान सांगत असेल, तर 'साहेब, एकदा चालवून बघता का?' असं विचारायला संकोच करू नये.

4. ओसरीवर करता येणारी तपासणी

पहिलं काम व्हिडिओ. दवाखान्यात कुत्रा घाबरतो आणि घाबरलेला कुत्रा लंगडणं लपवतो. घरच्या अंगणात, न घसरणाऱ्या जमिनीवर, बाजूने आणि मागून दोन मिनिटं चित्रण करा. उभा राहताना, बसताना, वळताना, लघवी करताना. मागची नखं जमिनीला घासल्याचा आवाज येतो का तेही त्यात टिपलं जातं. पंजाची मधली दोन नखं पुढून झिजलेली दिसली, तर पाय उचलला जात नाहीये आणि हे आजचं नाही, हे नक्की.

दुसरी चाचणी पंजाची. कुत्र्याला पोटाखालून आधार देऊन उभं करा. एक मागचा पंजा अलगद उलटा करा, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल. नसा धड असलेला कुत्रा क्षणात पंजा सुलटा करतो. तो तसाच उलट्या पंजावर उभा राहिला, तर पाय कुठं आहे ही खबर मेंदूपर्यंत पोचत नाहीये. सांध्याच्या दुखण्यात ही चाचणी सहसा बरोबर येते. घरच्या घरी 'तार की पाइप' हे ठरवायला याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही. फक्त पाठीला मार लागल्याची शंका असेल तर कुत्र्याला उभं करण्याचा खटाटोप करू नका.

तिसरी चाचणी डॉक्टरांनी करायची, पण मालकाने ती समजून घ्यायलाच हवी, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बोट चिमट्याने जोरात दाबलं की कुत्रा पाय मागे ओढतो आणि मालक सुटकेचा श्वास टाकतो: 'जाणीव आहे!' पण पाय ओढणं हे एकट्या स्टार्टरचं काम आहे. त्याला मेंदूची गरज लागत नाही. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला कुत्राही पाय ओढू शकतो. खरी जाणीव आहे की नाही हे तोंडाकडे पाहून कळतं. तो मान वळवतो का, कण्हतो का, चावायला बघतो का? चकती सरकून पाय गेलेल्या कुत्र्यांत ही खोल वेदनेची जाणीव शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहातले साधारण नऊ पुन्हा चालतात. ती हरवली असेल तर साधारण निम्मेच. म्हणून जाणीव गेली आहे असं डॉक्टर म्हणाले, तर 'दोन दिवस बघू' असं म्हणत थांबू नका. ते तास मोलाचे असतात.

चौथी गोष्ट लघवी. 'लघवी करतो, बसल्या जागी थेंब थेंब गळते' असं कुणी सांगितलं तर ती चांगली खूण समजू नका. मूत्राशय काठोकाठ भरून सांडत असतं, रिकामं होत नसतं. ते हाताने दाबून रिकामं करायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावं लागतं, नाहीतर पाय राहतात बाजूला आणि संसर्गच जिवावर उठतो.

याशिवाय हिरड्या पाहा. पांढरट असतील तर रक्त कमी आहे. दोन्ही मागचे पंजे हाताला गार लागत असतील तर पायाकडे जाणारा रक्तप्रवाह अडला असण्याची शक्यता असते. ती कुत्र्यात क्वचित दिसते, पण दिसली तर घाईची. ताप मोजा. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, तेव्हा 102 पाहून घाबरू नका.

5. केव्हा सुरू झालं?

जागा कळली की दुसरा प्रश्न वेळेचा. खेळता-धावताना कुत्रा एकदम कळवळला, मागचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त लुळा पडला, आणि काही तासांनी दुखणं तर थांबलं पण अधूपणा राहिला. असं असेल तर चकतीचा बारीक कण रक्तवाहिनीत जाऊन मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडल्याचा संशय घ्यावा. ही स्थिती पहिल्या दिवसानंतर सहसा बिघडत नाही आणि बरेच कुत्रे शस्त्रक्रियेविना सुधारतात. तासागणिक किंवा दिवसागणिक बिघडत जाणारं, पाठीला हात लावू न देणारं दुखणं म्हणजे बहुधा सरकलेली चकती. महिन्यामहिन्यांनी, अजिबात न दुखता वाढत जाणारं दुखणं म्हणजे झीज. मधूनमधून ताप, पाठदुखी आणि वजन घटणं असं एकत्र आलं तर मणक्यांमधल्या चकतीतला जंतुसंसर्ग किंवा गाठ, यांचा विचार करायला हवा. चालून थकला की पाय वळतात आणि बसून विसावला की पुन्हा चालतो, ही आणखी वेगळीच तऱ्हा. तिथे बिघाड नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर असू शकतो.

6. नेहमीचे संशयित

गुडघ्यापासून सुरू करतो, कारण तो सर्वांत जास्त सुटतो. गुडघ्यातला आडवा अस्थिबंध तुटला की कुत्रा तो पाय टेकत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण दोन्ही गुडघ्यांतले तुटले तर लंगडायचं कोणत्या पायावर? मग तो पुढच्या पायांवर भार टाकून, मागून दबत चालतो आणि त्याला 'कंबर गेली' म्हणून मणक्याची औषधं सुरू होतात. जाड झालेला लॅब्राडोर, बसताना एक पाय बाजूला फेकून बसतो, उलटा केलेला पंजा लगेच सुलटा करतो: आधी गुडघे पाहा. डॉक्टर नडगी पुढे सरकवून बघतात, ती सरकली की उत्तर मिळालं. पामेरियनसारख्या लहान कुत्र्यात गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून तो दोन पावलं तीन पायांवर उड्या मारतो आणि लगेच नीट चालू लागतो.

चकती सरकण्याचा मान आखूड पायांच्या डॅशहुंडचा. त्यांच्या चकत्या तरुणपणीच कडक होतात आणि तीन ते सहा वर्षांच्या वयात फुटून मज्जारज्जूवर आदळतात, बहुधा छाती जिथे संपते आणि कंबर सुरू होते त्या मणक्यांपाशी. चालता येत असेल तर कडक विश्रांतीवर, म्हणजे सुमारे चार आठवडे छोट्या जागेत बंद ठेवून, पुष्कळ कुत्रे सुधारतात. औषधाने दुखणं थांबलं की कुत्रा उड्या मारतो आणि उरलेली चकतीही बाहेर येते. बरं वाटल्यावर बांधून ठेवायला मन होत नाही, पण तेच आठवडे कसोटीचे.

म्हाताऱ्या जर्मन शेफर्डची गोष्ट वेगळी. आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत धडधाकट, मग एका मागच्या पायाची नखं घासू लागतात, वळताना पाय एकमेकांत अडकतात, पुढे दोन्ही पाय डगमगतात. दुखत कुठंच नाही. मज्जारज्जूची ही झीज 1973 मध्ये पशुवैद्यकशास्त्रात नोंदली गेली. 2009 मध्ये तिच्याशी निगडित दोष एसओडी1 नावाच्या जनुकात सापडला, आणि हेच जनुक माणसांतल्या एएलएस या जीवघेण्या चेताविकारातही गुंतलेलं आहे. रक्त किंवा लाळेवरून जनुकाची तपासणी होते, पण तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. दोन्ही प्रती सदोष असणं म्हणजे धोका आहे. आज दिसणारा अधूपणा त्यामुळेच आला आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. जिवंतपणी हे निदान बाकी सगळं वगळूनच करावं लागतं. बरं करणारं औषध नाही. नियमित व्यायामाने चालते दिवस वाढतात, आणि सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय जातात हे मालकाला आधी सांगणंच माणुसकीचं.

आता गोचीड. आपल्याकडे कुत्रा मरगळला की 'गोचीड ताप' हे उत्तर तयार असतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले जंतू पसरतात. ताप येतो, हिरड्या पांढुरक्या होतात, प्लेटलेट घटतात, सांधे सुजून पाय आखडतात. हे व्होल्टेज उतरण्याचं दुखणं. त्यासाठी रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचेवरचा नमुना पाहावा. एर्लिकियाला साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन लागतं, आठ दिवसांत बरं वाटलं तरी. फसवणूक होते ती झटपट चाचणीच्या पट्टीवर. ती बहुधा प्रतिद्रव्यं शोधते आणि जुना संसर्ग बरा झाल्यावरही ती द्रव्यं दीर्घकाळ राहतात. धनजच्या शिवारात वाढलेल्या कुत्र्याला कधी ना कधी गोचीड चावलेलीच असणार. तेव्हा पट्टी पॉझिटिव्ह, पण ताप नाही, रक्त उत्तम आणि पंजा मात्र उलटाच राहतो, अशा वेळी गोचीड हे कारण धरून महिनाभर गोळ्या देत बसू नका.

शेतावरच्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी काही विचारावंच लागतं. फवारणीचे दिवस आहेत का? 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले. त्याच औषधांचे डबे चाटणारा कुत्रा लाळ गाळतो, थरथरतो, बाहुल्या बारीक होतात, पाय लटपटतात. डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठा. पावसाळ्यात रात्री अंगणात झोपलेला कुत्रा पहाटे चारही पायांनी ढिला सापडला तर मण्यार चावल्याची शंका घ्या. मण्यारीच्या दाताची खूण बहुधा दिसतच नाही.

पिल्लांचं गणित निराळं. लस न दिलेल्या पिल्लाला डिस्टेंपर झाला की आधी डोळ्या-नाकातून चिकट पाणी येतं, नंतर कधी मागचे पाय लटपटतात आणि एखादा स्नायू झोपेतही ठरावीक तालात उडत राहतो. आणि नुसत्या मांसावर किंवा नुसत्या पोळीवर वाढवलेल्या पिल्लाची हाडं इतकी पातळ होतात की ओसरीवरून उडी मारल्यावरही मोडतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं, मग शरीर कमी पडणारं कॅल्शियम हाडांतून ओढून काढतं.

7. एक्स-रे काय दाखवतो आणि काय लपवतो

एक्स-रेत हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही. मोडलेला मणका, निखळलेला खुबा, कुरतडलेला मणक्याचा काठ यासाठी तो उत्तम. पण मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा एक्स-रे काढला की खुब्यात थोडी झीज आणि मणक्यांना काटे बहुधा असतातच. ती वर्षानुवर्षं तिथे असतात आणि कुत्रा मजेत चालत असतो. आज पाय गेले म्हणून फोटो काढला, झीज दिसली, आणि 'खुबा खराब आहे' असा निकाल लागला. पंजा उलटा राहत असेल तर खुबा एकटा दोषी असूच शकत नाही, फोटोत तो कितीही वाईट दिसो. हातांनी जी जागा ठरली तिच्याशी फोटो जुळला तरच फोटो खरा मानावा.

मज्जारज्जू पाहायचा तर त्याभोवती रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात, किंवा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. त्यासाठी कुत्र्याला भूल लागते आणि खर्चही बराच येतो. 'यातून जे दिसेल त्याने उपचार बदलणार आहे का?' हे डॉक्टरांना आधी विचारावं. शस्त्रक्रिया करायची तयारी असेल तर तो खर्च सार्थ आहे. नसेल, आणि कुत्रा चालत असेल, तर विश्रांती देऊन दर दोन-तीन दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करून घेणं हेही निदानच आहे. दुखणं कोणत्या दिशेने जातंय हे त्यातून कळतं.

8. धनजहून निघताना

पहिला मुक्काम जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. पुढे जायचं झालं तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, आणि त्याहून लांब नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1958 पासूनचं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1886 पासून चालू आहे. कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेल्याने नागपूर आणि मुंबई दोन्हीकडचा प्रवास सोपा झाला आहे. निघण्याआधी फोन करून शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ त्या दिवशी आहेत का, कुठली तपासणी तिथे होते, हे विचारून घ्या.

मार लागलेला किंवा एकाएकी पाय गेलेला कुत्रा उचलताना काखेत हात घालून लोंबकळू देऊ नका. फळीवर सरकवून, पंचांनी सैलसर बांधून न्या. वेदनेत आपला कुत्राही चावतो, म्हणून तोंडाला पट्टी बांधा. मात्र त्याला ओकारी येत असेल किंवा दम लागत असेल तर बांधू नका. घरातल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या देऊ नका. कुत्र्याच्या पोटात त्यांनी जखमा होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. आधी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर पुढच्या डॉक्टरांना ते सांगाच, कारण स्टेरॉइड आणि दुसरं वेदनाशामक एकत्र आलं तर आतड्याला भोक पडू शकतं. शिवाय स्टेरॉइडमुळे काही गाठींची खूण पुसली जाते आणि तपासणीत काहीच हाती लागत नाही.

एका कागदावर लिहून न्या: कधी सुरू झालं, कोणत्या पायापासून, दुखतंय का, वाढतंय की थांबलंय, लघवी शेवटची केव्हा झाली, लस कधी दिली, काय खातो, आतापर्यंत कोणती औषधं झाली. आणि डॉक्टरांना 'काय झालंय?' हे विचारण्याआधी 'बिघाड कुठं वाटतो, साहेब?' असं विचारा. सांधा, नस, कंबरेचा मणका, छातीचा मणका, की सगळं अंग, यांपैकी त्यांचं जे उत्तर येईल ते त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवा.